त्रेसष्टाव्या पानावरचा पाच

कारखान्यात तिला सगळे वेलांटीताई म्हणत. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. पंचवीस वर्षं तिनं छापखान्यात प्रुफं तपासली होती. ऱ्हस्वाची वेलांटी दीर्घ झालेली तिला दारातूनच दिसते, असं लोक म्हणत. छापखाना बंद पडला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ती या कारखान्यात आली. इथं यंत्रं बनत. त्यांच्याबरोबर द्यायच्या माहितीपुस्तिका लिहायच्या आणि तपासायच्या, हे तिचं काम.

यंत्र नेमकं करतं काय, हे तिनं पहिल्याच महिन्यात थोरल्या बहिणीला सांगून पाहिलं होतं. दोघी बहिणी एकत्र राहत. अक्का टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली.

“एक अगदी अचूक घड्याळ असतं. त्याची वेळ हे यंत्र तारांमधून वाटतं. वीजकेंद्रातली सगळी उपकरणं त्याच वेळेवर चालतात. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही फरक चालत नाही.”

“म्हणजे वेळेचं एक्स्चेंज,” अक्का म्हणाली. पुढं समजवायचं काही उरलंच नाही.

त्या यंत्राच्या तोंडावर तारा जोडायला अठरा पोर्ट होते. त्यांच्यावर एक ते अठरा आकडे कोरलेले. पण आतल्या प्रोग्रामला शून्यापासून मोजायची खोड. त्यामुळे यंत्रावर जो पहिला, तो पडद्यावर ‘पोर्ट-०’. यंत्रावर सहावा, तो पडद्यावर ‘पोर्ट-५’. जुन्या तंत्रज्ञांना ‘पडद्यावर एक कमी’ हे उजळणीसारखं पाठ होतं. नव्या लोकांपैकी मात्र दर वर्षी कुणी ना कुणी फसायचं. शेवटी कारखान्यानं ठरवलं, की पडद्यावरची नावंच बदलायची. यंत्रावर जो आकडा, तोच पडद्यावर. पाच म्हणजे पाच.

निर्णय ऐकून वेलांटीताई मुख्य अभियंत्यांच्या खोलीत गेली. ते तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. ती त्यांना ‘सर’ म्हणे आणि ते तिला ‘ताई’.

“सर, आकडा बदलताय, तर पुढचा शब्दही बदला. ‘पोर्ट’च्या जागी दुसरं काही घ्या. म्हणजे कुणी सवयीनं जुनं नाव लिहिलं, तर यंत्रच म्हणेल, असलं नाव मला माहीत नाही. आता जुना ‘पोर्ट-५’ही खरा आणि नवा ‘पोर्ट-५’ही खरा. दोन भाऊ आणि एकच नाव, हाक कुणी ऐकायची?”

सर हसले. “ताई, तुम्ही फार बारीक विचार करता. प्रोग्राम लिहून झालाय. तुम्ही पुस्तिका तेवढी बदला.”

तिनं बदलली. कामही साधं नव्हतं. संगणकाला ‘शून्याचा एक कर’ म्हणून सांगितलं आणि मग ‘एकाचा दोन कर’, तर मघाचा नवा एकही दोन होऊन बसतो, आणि शेवटी अठराच्या अठरा पोर्ट ‘पोर्ट-१८’ होतात. म्हणून तिनं उलटीकडून सुरुवात केली. आधी सतराचे अठरा, मग सोळाचे सतरा, असं करत खाली शून्यापर्यंत. दोनशे बारा पानं. प्रत्येक आकडा तिनं पेन्सिलीनं टिपला आणि दोनदा वाचला. तीन आठवड्यांनी पुस्तिका छापायला गेली.

छापील प्रती वीजकेंद्रांना रवाना झाल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यातली ही गोष्ट. सकाळचे दहा अडतीस झाले होते. कपाटात ठेवायची प्रत तिनं हातात घेतली आणि सवयीनं सहज उघडली. पान त्रेसष्ट निघालं. ‘राखीव घड्याळाची तार बदलणे’. मजकुरात बरोबर लिहिलं होतं: आधी पोर्ट-६ बंद करा. खाली चित्र होतं. यंत्राचं तोंड, आत जाणारी तार आणि एक ठळक बाण. बाणापाशी लिहिलं होतं: ‘पोर्ट-५ बंद करा’.

चित्रात जुनंच नाव राहिलं होतं. चित्रातली अक्षरं हा चित्राचाच भाग. संगणकाच्या लेखी ती अक्षरं नव्हतीच, नुसत्या रेघा. तिच्या शोधात ती आली नव्हती. आणि तिच्या डोळ्यांनी? डोळ्यांनी मजकूर वाचला होता, चित्र नुसतं पाहिलं होतं.

त्यात भर म्हणजे आदल्याच दिवशी मोठ्या वीजकेंद्रातल्या तंत्रज्ञाचा फोन आला होता. छातीपर्यंत दाढी असलेला माणूस, सगळे त्याला दाढीवाले म्हणत. “बाई, राखीव तारेचं पान कोणतं? उद्या साडेदहाला बदलतोय.” तिनंच सांगितलं होतं, पान त्रेसष्ट.

नव्या नावांप्रमाणे पोर्ट-५ म्हणजे मुख्य घड्याळ, आणि ते बिघडलं तर लागणारं राखीव घड्याळ पोर्ट-६ वर. चित्र बघून त्यानं पाच बंद केला आणि राखीव तार उपटली, तर दोन्ही घड्याळं गेली. मग यंत्र स्वतःच्या अंदाजानं वेळ धरून ठेवतं, पण वीसच मिनिटं. त्यानंतर विजेच्या संरक्षणाची उपकरणं वेळेवरचा विश्वास सोडतात आणि वीज तोडतात. त्या केंद्रावर अर्धं शहर होतं. मोठं इस्पितळही होतं.

तिनं दाढीवाल्यांचा मोबाइल लावला. बंद. तिथं मोबाइल फाटकावर जमा करावे लागत. नियंत्रण कक्षाचा फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. मग फाटकावरचा नंबर लावला.

अक्का नेहमी सांगायची, घाईच्या फोनवर आधी काम सांगावं, मग नाव. “आत तार बदलायचं काम चाललंय, ते ताबडतोब थांबवा. पुस्तिकेत चूक आहे.”

पहारेकऱ्यानं तिचं बोलणं शांतपणे ऐकलं. “आपण कोण?”

“मी ती पुस्तिका तयार केली.”

“इंजिनिअर आहात का?”

“नाही.”

“मग बाई, पुस्तिकेत चूक आहे म्हणून मी आतलं काम थांबवू? उद्या म्हणाल, पंचांगात चूक आहे, सूर्य थांबवा. साहेबांना फोन करायला सांगा.” आणि फोन ठेवला.

ती पुस्तिका तशीच उघडी धरून जिना चढली. सरांच्या खोलीत बाहेरगावचे तीन पाहुणे बसले होते, नवे गिऱ्हाईक होऊ घातलेले. एरवी ती दार वाजवून थांबली असती. आज तिनं दार ढकललंच.

“ताई, पाच मिनिटं,” सर कपाळाला आठी घालून म्हणाले.

“पाच मिनिटं नाहीत, सर.” तिनं पुस्तिका टेबलावर पाहुण्यांच्या चहाशेजारी ठेवली आणि बोट आधी मजकुरावर, मग चित्रावर ठेवलं. “मोठ्या केंद्रात आत्ता हेच काम चाललंय. गेल्या आठवड्यात त्यांनी नवा प्रोग्राम घेतलाय. पहारेकरी माझं ऐकत नाही.”

सर ताडकन उठले. त्यांनी फाटकावर फोन लावला. “मी मुख्य अभियंता बोलतोय. नियंत्रण कक्षात पळत जा. म्हणावं, कशाला हात लावू नका आणि मला फोन करा. पळत!”

मग वाट बघणं आलं. पाहुण्यांपैकी एकानं कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. भिंतीवरचं घड्याळ दहा एकावन्न दाखवत होतं. वेलांटीताईला उभं राहवेना आणि बसवतही नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं इस्पितळही नव्हतं की त्यातल्या खाटा नव्हत्या. नुसता तो बाणाजवळचा पाच होता.

दहा चोपन्नला फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला.

“सर, तुमचा नवा प्रोग्राम भिकार आहे,” दाढीवाले तिकडून तापलेले. “राखीव तार काढली, तर यंत्र बोंब मारतंय की एकही घड्याळ नाही. दहा एक्केचाळीसपासून तोच अलार्म. पुस्तिकेत शेवटी लिहिलंय, अलार्म जात नसेल तर रीस्टार्ट करा. तेच करत होतो, एवढ्यात हा पहारेकरी धापा टाकत आला.”

“रीस्टार्ट करू नका!” सर ओरडले. रीस्टार्ट केलं असतं, तर धरून ठेवलेली वेळही गेली असती. “ऐका, तुम्ही चुकून मुख्य घड्याळ बंद केलंय. ते चालू करा. पोर्ट-४... नाही, थांबा, नवीन म्हणजे... पाच. नाही, तुम्ही कोणता पाच बंद केला?”

“चित्रातला.”

“म्हणजे जुना पाच की...”

सरांनी कपाळ धरलं. त्यांचा जन्म शून्यापासून मोजण्यात गेलेला. घाईत त्यांची जीभ जुन्याच आकड्यावर घसरत होती. वेलांटीताई मात्र तीन आठवडे रोज आठ तास नव्या नावांत राहिली होती. ती फोनकडे वाकली.

“भाऊ, मी पुस्तिकावाली बोलतेय. चित्र विसरा, चित्र चुकलंय, ती माझी चूक. आता यंत्राच्या तोंडाकडे बघा. पाच आकडा कोरलाय, त्यावरचा दिवा कसा आहे?”

“विझलाय.”

“सहावरचा?”

“तोही. तार मीच काढलीय.”

“सहाला हात लावू नका. पडद्यावर लिहा, पोर्ट-५ चालू. एक कमी करू नका. पाच म्हणजे पाच.”

“बाई, पंधरा वर्षं एक कमी करत आलोय. नक्की?”

“नक्की. काही झालं तर माझं नाव सांगा.”

कळा दाबल्याचे आवाज आले. “दिवा लागला. पिवळा.”

“पिवळाच लागतो आधी. यंत्र घड्याळाशी जुळवून घेतंय. हिरवा होईस्तोवर काही करू नका.”

दहा छप्पन. दहा सत्तावन्न. फोनमधून अलार्मची टूंटूं येत होती. अकराला मिनिट बाकी असताना ती थांबली.

“हिरवा,” दाढीवाले म्हणाले.

शहरात कुणाला काही कळलं नाही. पंखे फिरत राहिले. वेलांटीताई स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून रडली, तेही कुणाला कळलं नाही.

दुपारी अहवाल लिहायचा होता. सर तिच्या टेबलापाशी आले. पाहुणे गेले होते, तरी आवाज खाली होता. “ताई, लिहू या, की तंत्रज्ञानं मजकूर न वाचता चित्रावर भरवसा ठेवला. खोटं तर नाही ना? तुमच्या नोकरीची अजून काही वर्षं आहेत.”

“खोटं नाही, सर, पण अर्धं आहे. त्यानं वाचलं नाही, कारण चित्र मीच दिलं होतं.”

“वरचे लोक ऐकून घेणार नाहीत.”

“नसतील घेत.”

तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: चित्रांतले आकडे मी तपासले नाहीत. खाली सही केली. ‘पोर्ट’ शब्द बदलायची आपली सूचना मात्र तिनं लिहिली नाही. ते पाठीमागून चुगली केल्यासारखं झालं असतं. संध्याकाळी ती घरी गेली. अक्कानं सगळं ऐकलं, आणि “जेवून घे, नोकरी गेली तर माझं पेन्शन आहे,” एवढंच म्हणाली. रात्रभर दोघींनाही झोप नव्हती, आणि दोघीही झोपेचं सोंग करत होत्या.

चार दिवस काहीच आलं नाही. पाचव्या दिवशी ताकीदपत्र आलं आणि तिच्या फायलीला लागलं. नोकरी राहिली. ताकीदपत्राखाली सरांनी स्वतः जोडलेला एक कागद होता: नाव पूर्ण बदलण्याची सूचना ताईंनी आधीच दिली होती, ती मी नाकारली. त्यामुळे ताकीद मलाही असावी. तो वाचून तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

पुढच्या प्रोग्रामात ‘पोर्ट’ जाऊन ‘वेळ-पोर्ट’ आलं. जुनं नाव लिहिलं की यंत्र सरळ नकार देऊ लागलं. वेलांटीताईनं पुस्तिकेतली एक्केचाळीस चित्रं भिंग घेऊन पाहिली. आणखी दोन चुकलेली सापडली.

दुरुस्तीची चिठ्ठी एकतीस केंद्रांना टपालानं गेली, पण चिठ्ठीवर तिचा भरवसा राहिला नव्हता. तिनं यादी समोर घेतली आणि एकेका केंद्राला फोन लावला. प्रत्येकाला पुस्तिका उघडायला लावायची, चुकलेले तिन्ही आकडे खोडून वर नवे लिहायला लावायचे आणि परत वाचून दाखवायला सांगायचं. चार दिवस गेले, घसा बसला. शेवटचं केंद्र डोंगरापलीकडचं. तिथल्या तंत्रज्ञ बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“त्रेसष्टावं पान उघडलंत?” वेलांटीताईनं विचारलं.

“थांबा हं, बाई,” ती ओशाळून म्हणाली, “आधी पुस्तिकेचं पाकीट फोडते.”