बांबूवर धरलेली केबल

मी फौजेत नव्हते, होमगार्डमध्ये होते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. खाकी पँट-शर्ट घालून पहिल्यांदा गावातून निघाले तेव्हा सासऱ्यांनी तोंड फिरवलं. मी चालत राहिले. मोर्चा, निवडणूक, गणपती, पूर, जिथे बोलावलं तिथे गेले.

आमचे पलटणनायक भोयर मात्र खरे फौजी होते. फौजेत त्यांचा ट्रेड इलेक्ट्रिशियन. हवालदार म्हणून निवृत्त होऊन पुलगावला परतले आणि घरी बसवेना म्हणून होमगार्डमध्ये आले. आम्ही त्यांना हवालदार साहेबच म्हणत असू.

त्यांच्या खिशात एक जाड पेन असायचं. ते लिहायचं नव्हतं. केबलजवळ नेलं की आत वीज असल्यास लाल दिवा लागायचा आणि पीं-पीं वाजायचं. तारेला हात लावायचा नाही, केबल सोलायची नाही. गणपतीच्या मंडपात ड्यूटी लागली की साहेब आधी त्या पेननं सगळ्या केबली आणि लोखंडी खांब तपासत. मग आम्हाला उभं करत.

त्यांची शिकवण एकच होती. पेन वाजलं तर वीज आहे. नाही वाजलं तर काहीच सिद्ध होत नाही, पेनच बिघडलेलं असू शकतं. म्हणून आधी चालू तारेवर वाजवून पाहायचं, मग संशयाच्या तारेवर, मग पुन्हा चालू तारेवर.

माझी जोडीदार वेणू थट्टेखोर. तिनं एकदा विचारलं, "साहेब, नवऱ्याच्या डोक्यातला करंट समजते का या पेनानं?"

"त्याले पेन नाई पुरत," साहेब म्हणाले. "दुरून हात जोडाचे."

त्या ऑगस्टमध्ये आमच्या सेक्शनला अल्लीपूरकडे पूर-ड्यूटी लागली. दोन दिवस रस्त्यावर दोर बांधून उभं राहणं, गाड्या अडवणं, लोकांच्या शिव्या खाणं एवढंच काम होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या एका गावात पाणी शिरलं. आम्ही पोचलो तेव्हा खालच्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. गल्लीच्या शेवटी मातीची चार घरं होती. एकाची भिंत पडली होती आणि एका म्हाताऱ्याचा पाय मोडला होता. बाकीच्या भिंतींना तडे गेले होते. लोक ओट्यावर उभे होते आणि पाणी चढत होतं. बाहेर यायला ती गल्ली सोडून वाट नव्हती.

गल्लीत विजेचा खांब वाकला होता. त्याची काळी केबल तुटून एक टोक वर कडुनिंबात अडकलं होतं. दुसरं टोक शेजारच्या पक्क्या घराला जोडलेलंच होतं. मधला भाग लोंबून पाण्याला टेकला होता आणि तिथेच केबल सोललेली होती.

साहेबांनी वॉकीटॉकी काढला. "कंट्रोल, या गावाला वीज देणारा फीडर बंद आहे का? ओव्हर."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "वीज कार्यालयाकडून खात्री केली. फीडर बंद. ओव्हर."

वेणू पाण्यात उतरायला निघाली. साहेबांनी तिला अडवलं. ते दुरूनच, काठाला उभं राहून, लांब बांबूला पेन बांधून केबलजवळ नेऊ लागले. पेन गप्प होतं.

"झालं ना साहेब?" मी म्हटलं.

"नाई झालं. याले चालू तार दाखवा लागते."

सगळ्या गावात वीज नव्हती. वेणूनं जीपची बॅटरी सुचवली. साहेब म्हणाले, बॅटरीच्या डीसी करंटवर हे बोलत नाही, घरातल्यासारखी एसी वीज लागते. मग वरच्या आळीच्या आरोग्य उपकेंद्रात इन्व्हर्टर आहे असं कळलं. साहेब तिकडे गेले. ओट्यावरचे लोक ओरडत होते, "अहो, काऊन थांबून राह्यले? भिंत पडल्यावर येता का?" साहेब परत आले. पेन तिथे वाजलं होतं. केबलवर पुन्हा नेलं, गप्प. तेव्हा कुठे त्यांनी पाण्यात पाय टाकला.

त्यांनी दुसऱ्या बांबूच्या दुफाट्या टोकात, बेळक्यात, केबल अडकवून डोक्याच्या वर उचलली. पेन चालू ठेवून बेळक्याजवळ दोरीनं बांधलं. मी एका कडेला, वेणू दुसऱ्या कडेला. आधी बाया आणि पोरं केबलखालून निघाली. मग चौघांनी म्हाताऱ्याला बाजेवर उचललं. बाकीचे त्यांच्या मागे होते.

"मले रेशनच्या पोत्यावाणी नेऊन राह्यले," म्हातारा कण्हत म्हणाला.

"पोतं बोलत नाई बाबा," साहेब म्हणाले. "गप राहा."

बाज अर्ध्या गल्लीत आली आणि पेन वाजू लागलं.

सगळे थांबले. पाणी मांड्यांना लागलं होतं. साहेबांनी वर पाहिलं. केबल सोडून मागे उडी मारली असती तर ती पाण्यात पडली असती, आणि पाण्यात नऊ-दहा माणसं होती. साहेबांनी बांबू सोडला नाही.

"थांबू नका. पळू नका. बाज वर धरा अन् चालत राहा." आवाज परेडवर असायचा तसाच होता. "गिरजाबाई, कोणीतरी जनरेटर लावला. बंद करा."

मला तोवर जनरेटरचा आवाज ऐकू आला नव्हता. आता आला. त्या पक्क्या घराच्या मागून येत होता. मी धावले. मागच्या पडवीत घरमालक जनरेटरपाशी उभा होता. समोर फळीवर गल्लीतल्या लोकांचे मोबाईल चार्जिंगला लावलेले.

"काय झालं मावशी? सगळ्यांचेच मोबाईल बंद पडले होते, म्हणून लावून देल्ला."

त्यानं जनरेटर घराच्या बोर्डाला जोडला होता, पण मेन स्विच खाली केला नव्हता. घरातली वीज उलटी बाहेरच्या केबलमध्ये गेली होती. मी त्याला बाजूला सारलं. बटण दाबून जनरेटर बंद केला.

परत आले तेव्हा बाज काठावर होती. पाण्यात साहेबांशिवाय कोणी नव्हतं. वेणू काठावर ओरडत होती. साहेब पालथे पडले होते, केबल त्यांच्या पाठीवर. बांबू पावसानं पूर्ण भिजला होता, त्यातूनच वीज हातात उतरली होती. वेणूनं नंतर सांगितलं, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत त्यांनी बांबू वर धरून ठेवला. मग ते कोसळले.

आम्ही छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. दवाखान्यात नेलं. उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. तपासणी न करता तारेजवळ गेल्यानं एका होमगार्डचा मृत्यू.

तेराव्यानंतर मी पुलगावला गेले. साहेबांच्या पत्नीनं, वहिनींनी, त्या बातमीचा कागद घडी करून ठेवला होता. त्यांनी मला चहा दिला आणि समोर बसल्या.

"घरचा कूलरही तपासल्याशिवाय मले हात लावू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "मंग तिथं कसे चुकले?"

"चुकले नाई वहिनी. तीनदा तपासलं. तेव्हा वीज नव्हती. नंतर आली."

"आल्यावर समजलं होतं त्याईले?"

"हो. पेन वाजलं होतं."

"मंग सोडून द्यायचं होतं. वाचले असते?"

मी खोटं बोलले नाही. "वाचले असते."

"अन् पाण्यातले लोक?"

"ते नसते वाचले."

त्यांनी तो कागद उलगडून पुन्हा घडी घातली.

"मंग बरं झालं असं मी म्हणणार नाई," त्या म्हणाल्या. "पण समजलं."

पेपरात 'एक होमगार्ड' एवढंच छापलं होतं. म्हणून नाव मी इथे लिहिते. पलटणनायक, निवृत्त हवालदार, वामन गणपत भोयर. राहणार पुलगाव.