वर्गाचा ब्लॉग

भांडुपच्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारा माझा सहकारी भारी लाघवी. कँटीनमध्ये न विचारता माझ्या ताटलीतला वडा तोडायचा आणि आपला अर्धा मला द्यायचा. वर्गासाठी ब्लॉग त्यानेच सुरू केला. मुलांनी दर आठवड्याला स्वतः पाहिलेलं, अनुभवलेलं लिहायचं. प्रत्येक लेखाखाली तो मनापासून चार ओळी लिहायचा. वर्गात तोंड न उघडणारी मुलं तिथे भरभरून लिहू लागली. मला त्याचा हेवा वाटायचा.

एका मुलीने लिहिलं की स्कॉलरशिपच्या खिडकीवरचा क्लार्क तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्या लोकांना सगळं फुकटच हवं." लेखात एकही चढा शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर त्या लेखाची प्रिंट होती. माझ्या सहकाऱ्यानेच नेऊन दिली होती. प्राचार्यांनी मुलीला बोलावून तिच्याकडूनच माफी लिहून घेतली.

केबिनबाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "अरे, असं का केलंस तू?"

"कॉलेजची बदनामी नको ना," तो नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाला. "लेख झकास आहे गं. मी दहापैकी नऊ दिलेत."



त्या संध्याकाळी मुलीने आपले सगळे लेख काढून टाकले. सकाळी तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला होता.

"बघ ना, किती छान लिहायची. अचानक काय बिनसलं असेल गं तिचं?"

तो मला खरंच विचारत होता.