एकशे बाराव्या पानावरची काकू

माझ्या कादंबरीच्या एकशे बाराव्या पानावर मी एका निरपराध बाईवर चहाडीचा आळ घातला आहे. चूक माझी आहे, आणि ती नजरचुकीने झालेली नाही. त्या पानामागे आणखी एक गोष्ट आहे — ती छत्तीस वर्षं माझ्या तोंडातून बाहेर पडली नव्हती. बायकोपाशी नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्यापाशीही नाही.

तुम्हाला सांगतो. पण एकदम तिथे जाणं मला जमणार नाही. थोडं फिरून जावं लागेल.

मी सांगलीत एका शाळेत कारकून आहे. वडील गेल्यावर लिहायला बसलो, तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. रहिमतपूरचं आमचं घर, आबा, आई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी अक्का — जे घडलं ते लिहायचं, बाकी काही नाही. आत्मकथनच डोक्यात होतं. आणि पहिल्या हस्तलिखितात ती गोष्ट मी लिहिलीही होती. अकरा ओळी. बाकीचं पुस्तक भराभर झालं. या अकरा ओळींनी दोन महिने घेतले.

प्रकाशकाकडे गेलो नाही. नकार ऐकायची तयारी नव्हती. आपलं आपण छापायचं ठरवलं. सांगलीतल्या एका बोळात मगदूमअण्णांचा छापखाना आहे — लग्नपत्रिका, हळदीच्या पोत्यांची लेबलं, आणि अधूनमधून माझ्यासारख्यांची पुस्तकं. अण्णांनी संगणकावर मुखपृष्ठ उघडलं आणि शीर्षकाखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

“इथं काय टाकू? आत्मकथन का कादंबरी?”

मी विचारलं, काय फरक पडतो?

“आत्मकथनाला कुणी विचारलं तर उत्तर द्यावं लागतंय,” अण्णा म्हणाले. “कादंबरीला न्हाई.”

त्यांनी ते सहज म्हटलं. त्यांना काय ठाऊक, समोर कोण बसलंय? मी चहा संपवला. मग म्हटलं, कादंबरी टाका. आणि प्रुफं घरी घेऊन आलो.

तुम्ही म्हणाल, यात काय बिघडलं? कादंबरी लिहिणं हा काही गुन्हा नाही. नाहीच. पण मी ती का निवडली — हे मला त्या चहाच्या कपापाशीच माहीत होतं.

आता शेवंताकाकू कोण, ते सांगायला हवं. आमच्या घरापासून तीन घरं सोडून राहायच्या. रहिमतपूरच्या एसटी स्टँडवर भाजक्या शेंगांची पाटी घेऊन बसायच्या. अक्का बारावीला सातारला जात होती, रोजच्या एसटीने. सकाळच्या गर्दीत पोरीच्या जातीला धक्के नकोत म्हणून काकू स्वतःची पाटी सोडून उठायच्या, गाडी लागली की खिडकीतून आपला पंचा सीटवर टाकायच्या, आणि अक्का चढेपर्यंत दारातल्या पोरांना शिव्या घालायच्या. अक्का हुशार होती. पास झाली की डी.एड. करायचं, शिक्षिका व्हायचं, हे ठरलेलं होतं. आबांनी तसं चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

मी त्या वर्षी दहावी नापास झालो होतो.

आबा मारायचे नाहीत. जेवताना फक्त म्हणायचे, “बहिणीकडं बघ जरा.” रोज. घास घेताना मी अक्काकडे बघायचो. ती माझ्या पानात स्वतःची अर्धी भाकरी टाकायची. तेही मला सहन व्हायचं नाही — विशेषतः तेच.

एका संध्याकाळी आबा एकटे ओट्यावर होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, अक्का स्टँडवर एका पोराबरोबर हसत बोलत उभी असते, रोज, कॉलेजला उशीर झाला तरी. पोरगा खरा होता. तिच्या वर्गातला, एकदा तिने त्याच्याकडून वही मागून घेतली होती, मी पाहिलं होतं. एकदा. ‘हसत’ माझं. ‘रोज’ माझं. म्हणजे बघा, मी पहिली कादंबरी सोळाव्या वर्षी रचली, आणि आत्मकथन म्हणून खपवली.

आबांनी एकच केलं. दुसऱ्या दिवसापासून अक्काचं जाणं बंद. स्टँडवरचं कळलंय, एवढंच तिला म्हणाले; कुणी सांगितलं, हे त्यांनी कधी उच्चारलं नाही. माझं नाव वाचवायचं होतं, की नाव घेण्याइतकी गोष्ट मोठी वाटली नाही — कोण जाणे. अक्काने विचार केला: स्टँडवर दिवसभर कोण बसतं? शेवंताकाकू. त्या दिवसापासून तिने काकूंशी बोलणं सोडलं. त्याच वर्षी लग्न होऊन ती फलटणला गेली. माहेरी आली की काकूंच्या दारावरून मान वळवून जायची. काकू एकदा घरी आल्या होत्या, आईला म्हणाल्या, म्या काय बी सांगितलं न्हाई. आईने चहा दिला आणि विषय बदलला. मी आतल्या खोलीत गणितं सोडवत होतो. सगळं ऐकू येत होतं.

मी सोळा वर्षांचा होतो, हे निमित्त म्हणून सांगत नाही. कारण प्रुफं समोर घेऊन बसलो तेव्हा मी पन्नास वर्षांचा होतो.

त्या अकरा ओळींतला ‘मी’ मी लाल पेनने खोडला. वर लिहिलं, ‘सोनाबाई’. बाकी सगळ्यांचीही नावं बदलली. स्टँडवर पेरू विकणारी, जिभेला हाड नसलेली सोनाबाई. शेंगांचे पेरू केले — एवढीच माझी प्रतिभा. एखादी परकी, कुठलीच नसलेली बाई का नाही आणली? कारण अक्काला आधीपासून जे खरं वाटत होतं, तेच पुढे चालू ठेवणं सर्वांत सोपं होतं. पहिल्या पानावर छापलं: सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक.

अक्काने पुस्तक दोन दिवसांत वाचलं आणि फोन केला. तिचा आवाज भरून आला होता. “बरं केलंस, तिचं लिवलंस,” म्हणाली. “मला वाटायचं, माझं कुणालाच ठावं न्हाई.” मी म्हणालो, अगं, कादंबरी आहे ती. ती म्हणाली, व्हय, ठावं हाय मला. आणि हसली.

त्यानंतर मी दोन वर्षं गप्प बसलो. दोन वर्षं.

मागच्या हिवाळ्यात गावच्या वाचनालयाने मला बोलावलं. ग्रंथपालबाईंनी कौतुकाने माझ्या पुस्तकाची प्रत काढून दाखवली — पार खिळखिळी झालेली, इतक्या जणांनी नेलेली. मी पानं चाळली. प्रत्येक पात्राच्या नावावर कुणीतरी पेन्सिलने खरं नाव लिहून ठेवलं होतं. आबांचं. आईचं. पोस्टमनचंसुद्धा. एकशे बाराव्या पानावर सोनाबाईच्या डोक्यावर लिहिलं होतं: ‘शेवंता, स्टँडवरची.’ समासात दुसऱ्या अक्षरात, ‘अगदी खरं.’ आणि माझ्या पात्रापुढे — ‘सुरेश. गुणी मुलगा.’

ग्रंथपालबाई हसत सांगत होत्या. काकू आता ऐंशीच्या घरात, वाचता येत नाही; सुनेकडून ते पान दोनदा वाचून घेतलं म्हणे. मग काठी टेकत वाचनालयात आल्या. “म्हणत होत्या, ही कादंबरी खोटी हाय. मी म्हटलं, आवं काकू, कादंबरी खोटीच असती.”

मीही हसलो. तिथे उभा राहून, ते पान हातात धरून, मी हसलो. हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सांगलीला परतलो तो थेट अण्णांकडे गेलो. नवी आवृत्ती छापायची, म्हटलं. मुखपृष्ठावर आत्मकथन, पहिल्या पानावरची ती ओळ काढायची, नावं खरी घालायची, आणि एकशे बारावं पान बदलायचं. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. “लोक आत्मकथनाची कादंबरी करत्यात, साहेब. तुमचं उलटंच.” मग पान वाचलं. पहिला छापील कागद घडी न घालता माझ्या हातात दिला.

तो घेऊन मी आधी फलटणला गेलो. अक्का पडवीत घेवडा निवडत होती. आजही सगळ्या भावकीचे बँकेचे, दवाखान्याचे कागद तीच वाचून देते. कागद वाचला, सुपात ठेवला, परत उचलून वाचला. मी म्हणालो, अक्का, माझं चुकलं. तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

“आबांस्नी मी मरंपतोर इचारत हुते, कुणी सांगितलं,” ती म्हणाली. “तू तिथंच बसलेला असायचास.”

मी मान हलवली.

“माझं शिक्षान गेलं ते गेलं. पन ती बाई पाटी सोडून उठायची रं माझ्यासाठी. आन मी तिच्याकडं छत्तीस वर्सं बघितलं न्हाई.” घेवड्याचे दाणे तिच्या बोटांतून सुपात पडत राहिले. “माझ्याकडं काय बघतोस? तिच्याकडं जा.”

दर खेपेला ती माझ्या पिशवीत गूळ घालून देते. त्या दिवशी पिशवी रिकामी होती. ती दारापर्यंत आली नाही.

तिथून रहिमतपूरला गेलो. काकू ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. ओळखायला वेळ लागला नाही त्यांना.

“कादंबरीवाला व्हय? आता आनि काय लिवायचं ऱ्हायलं माझ्यावर?”

मी कागद पुढे केला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. “मला दावून काय उपेग? वाच की.”

मी वाचायला लागलो. त्यांनी काठी आपटली. “मोठ्यानं. सुनंला ऐकू जाऊ दे. तिनं बी वाचलंय तुझं पुस्तक.”

सून दारात आली. समोरच्या घरची बाई हातातली बादली तशीच धरून उभी राहिली. मी उभा राहिलो आणि अकरा ओळी मोठ्याने वाचल्या — ज्यात सोनाबाई नव्हती, पेरू नव्हते. आबांच्या ओट्यावर मी होतो, माझ्या नावासकट. आवाज दोनदा तुटला. काकूंनी दोन्ही वेळा मागची ओळ पुन्हा वाचायला लावली.

“झालं?” त्यांनी विचारलं.

वाचून झालं होतं. एक राहिलं होतं. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “काकू, तुम्ही काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, तेही खोटं. आणि आळ तुमच्यावर छापला. माझं चुकलं.”