भाताने चिकटवलेली कार्डं

काल फ्रिजमध्ये विसरलेला भाताचा डबा उघडला आणि त्या आंबूस वासाने थेट दिघा गावातली, ऐंशीच्या दशकातली आमची खोली आठवली.

तेव्हा बबलगमसोबत क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची. मी दहा वर्षांचा, पण कार्डं पारखण्यात स्वतःला फार शहाणा समजायचो. कोपरा दुमडला किंवा बोटाचा डाग पडला की ते कार्ड माझ्या लेखी कचरा. एकदा दोन दिवस पावणे गावात मामाकडे राहून आलो, तर आईने सगळी कार्डं वहीत शिताने चिकटवलेली. वही उघडली तर घाण वास, आणि पानांतून झुरळ पळालं.

"वाऱ्यानं उडत होती रे, म्हणून चिकटवली," आई म्हणाली.

"शी! माझ्या वस्तूंना हात लावू नकोस. सगळी घाण करून ठेवलीस!"

ती एकेक कार्ड सोडवून मागचा भात नखाने खरवडत बसली. मी मोरीत गेलो आणि तिला दिसेल असे साबणाने हात धुतले. दोनदा.

त्या हात धुणाऱ्या पोराची आज मला शिसारी येते. कारण जेवायच्या वेळी आईने भात खरवडलेल्या त्याच हातांनी वरणभात कालवून दिला, आणि मी तो चाटूनपुसून खाल्ला.