मसाला बदलायची रीत

चहा ओता आधी, मग सांगते. माझी ही फजिती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळणारच आहे, कारण किन्हवलीपासून वैशाखऱ्यापर्यंत ती सगळ्यांना तोंडपाठ झालीय. तेव्हा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी!

मला तिखटाचं वेड. आवड नाही हो, वेड! वरणभातावर मला ठेचा लागतो. पेरूला तिखट, काकडीला तिखट, पोह्यांवर मिरची चावून. आमच्या अख्ख्या तालुक्यात तिखट खाण्यात मला तोड नाही, असं मी चारचौघांत सांगायचे. म्हणजे तेव्हा सांगायचे.

मागच्या अंगणात रंगाच्या रिकाम्या डब्यांत मी मिरच्याच मिरच्या लावल्यात. शेजारणी गुलाब लावतात, मोगरा लावतात. मी लवंगी लावते. त्यात फौजेतल्या भाच्यानं नागालँडहून एका मिरचीच्या बिया आणून दिल्या आणि वर बजावलं, "मामी, ही खायची नाय. नुसती लांबून बघायची."

आता असं मला सांगितल्यावर मी काय करणार? ठरवलं! यंदा वर्षाच्या मसाल्यात हीच मिरची पडणार.

पण यंदाच घरात लग्न निघालेलं. आमच्या नितीनचं, वैशाखऱ्याच्या सुमनबाईंच्या पल्लवीशी. त्यामुळे मिस्टरांनी दम भरलेला, "यंदा मसाला बेतात कर. पावणेरावळे यायचेत. तुझे चाळे नकोत."

मी "बरं" म्हटलं, आणि वाळवलेल्या मिरच्यांची मूठभर पुरचुंडी कमरेला खोचली. एकदा ठरवलं की ठरवलं!

मसाला कुटायला मी आणि सुमनबाई दोघी मुरबाडच्या कांडपावर एकाच दिवशी गेलो. विहिणी होणार होतो, म्हटलं सोबत होईल, गप्पा होतील. कसल्या गप्पा! तिथं दहा-पंधरा घरच्या भाजलेल्या मिरच्या एकदम कुटल्या जात होत्या. आत पाऊल टाकलं की शिंका. डोळ्यांतून धारा. ओळीत सगळ्यांचे टोप, ओळखायला प्रत्येकाच्या कानाला चिंधी बांधलेली. माझी लाल, सुमनबाईंची हिरवी. दोघींचे टोप शेजारी शेजारी.

नंबर जवळ आला. सुमनबाई तोंडाला पदर लावून बाहेर खोकत होत्या. मी संधी साधली. पुरचुंडी सोडली, मिटल्या डोळ्यांनी मिरच्या समोरच्या टोपात टाकल्या, हातानं खाली दाबल्या आणि मग निवांत डोळे पुसले.

समोरच्या टोपाला हिरवी चिंधी!

अहो! आता त्या मिरच्या काढू कशा? ओरडू कशी? तेवढ्यात कांडपवाल्यानं दोन्ही टोप ओढून नेलेसुद्धा. आणि सुमनबाई डोळे पुसत आत येऊन काय म्हणाल्या माहीत आहे?

"विहीणबाय, हा मसाला हळदीच्या मटणाला वापरणार. चारशे माणूस हाय आमचा."

चारशे माणूस! पंगतीत चारशे लोक बोंब मारत उठणार, सुमनबाईंची भावकीत नाचक्की होणार, कुणीतरी मसाल्याचा छडा लावणार आणि त्याच्या मुळाशी कोण? नवऱ्यामुलाची आई! माझ्या पोराचं लग्न राहील का जागेवर?

घरी आल्यावर मी काही मिस्टरांना सांगितलं नाही. काय म्हणून सांगणार? पण घास उतरेना. तिसऱ्या दिवशी ठरवलं, तो मसाला परत आणायचाच. काहीही होवो. माझ्या मसाल्याचा डबा उचलला आणि वैशाखऱ्याला जाऊन थडकले.

"सुमनबाई," मी म्हटलं, "आमच्यात एक रीत आहे. लग्नाआधी दोन्ही घरचा मसाला बदलायचा. म्हणजे दोन घरांची चव एक होते."

अशी रीत आमच्यात नाही. कुणातच नाही. ती मी टोकावड्याच्या पुढे जीपमध्ये बसल्या बसल्या तयार केली होती.

सुमनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "किती चांगली रीत गो!"

ओट्यावर त्यांची आत्तेसासू बसलेली, यशीआत्या. ऐंशीच्या पुढची, तोंडात दात दोन. ती मान डोलावत म्हणाली, "आमच्यात पन होती ही. मागं माझ्या लग्नात केलेली. आताची पोरा इसारली."

आता बोला!

मग काय, रीत म्हटल्यावर ती रीतसर झाली. पाट मांडला. दोन्ही डब्यांना हळदकुंकू लागलं. माझी ओटी भरली. शेजारच्या बाया बघायला आल्या, त्यातली एक विचारते, "मामाकडचा मसाला पन बदलायचा का?" मी म्हटलं, "नको, मामाचं चालतं!" आणि सुमनबाईंचा डबा छातीशी धरून तिथून निघाले. घरी आणून तो माळ्यावर टाकला. वर फडकं बांधलं. माझा जीव भांड्यात पडला.

हळदीचा दिवस उजाडला. आमच्याकडेही सकाळपासून चुली पेटलेल्या. मी नितीनला हळद लावण्यात गुंतलेली, आणि स्वयंपाकघरात गेल्या वर्षीचा मसाला कमी पडला म्हणून जाऊबाईंनी माळ्यावरचा डबा काढला.

"थांब!" मी हळदीच्या हातानं धावले. "तोंडाला लावू नको!"

जाऊबाईंनी तोवर बोट चाटलेलंसुद्धा. मी पाण्याचा तांब्या घेऊन तयार. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतेय.

"काय झाला गो? चांगला हाय की मसाला."

मी चिमूटभर जिभेवर ठेवला. साधा! अगदी साधा, गुणी मसाला. नागालँडचा मागमूस नाही.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी डोळे पुसत होते तेवढ्यात कांडपवाल्यानं माझा टोप पुढे ओढला होता, आणि मागचा हिरव्या चिंधीचा टोप सरकून त्याच्या जागी आला होता. मिरच्या माझ्याच मसाल्यात पडल्या होत्या. आणि तो मसाला मी स्वतःच्या हातानं, पाट मांडून, हळदकुंकू लावून, ओटी भरून घेऊन सुमनबाईंच्या हवाली केला होता!

नितीनची उष्टी हळद नवरीकडे न्यायला जीप दारात उभीच होती. त्यात पहिली मी चढले. या वेळी ठरवलं, आता थापा बास. सगळं कबूल करायचं. लग्न मोडलं तरी चालेल, पण चारशे माणसांचं पाप डोक्यावर नको.

वैशाखऱ्याला पोचले तर मांडवात पहिली पंगत बसलेली. पानांत मटण पडलेलं. मी हळदीची वाटी हातात घेऊन पंगतीच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले, "कुणी जेवू नका!"

सगळी पंगत माझ्याकडे वळली.

"ती रीत खोटी आहे. मसाला बदलायची रीत मी बनवली. त्या मसाल्यात मी नागालँडची मिरची टाकलीय. मूठभर! खाल तर जळाल!"

सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पातेल्यातला रस्सा वाटीत घेतला, दोन घोट सावकाश प्यायल्या, ओठ पुसले.

"कुठं गो तिखट?"

पंगतीतनं कोणीतरी म्हणालं, "आमी तर दुसऱ्यांदा घेतला."

यशीआत्या दोन दातांनी हाड चोखत होती. तिनं वाढप्याला हाक मारली, "मला चार हिरव्या मिरच्या दे रे. तोंडाला चव नाय."

मला काही पटेना. म्हटलं ही माणसं माझी लाज राखतायत. "तुम्हाला कळत नाहीये," मी म्हटलं, "थांबा, मीच खाऊन दाखवते!" आणि सुमनबाईंच्या हातातली वाटी घेऊन एका दमात तोंडाला लावली.

पुढचं मला नीट आठवत नाही. कानात शिट्टी वाजली. डोळे, नाक, सगळं एकदम वाहायला लागलं. कुणी गूळ आणला, कुणी ताक आणलं, कुणी पंख्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं. चारशे माणूस जेवायचं थांबलं ते मिरचीमुळे नाही, मला बघायला!

सुमनबाई रागावल्या नाहीत हो. उलट माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग हळदीनं पिवळ्या झालेल्या पल्लवीला त्यांनी जवळ बोलावलं आणि सगळ्या भावकीसमोर, अगदी मायेनं सांगितलं,

"बाय, उद्या सासरी गेलीस का भाजीत मिरची बेतानं टाक. तुझ्या सासूला तिखट सोसवत नाय."

लग्नाला आता वर्ष होत आलं. सून गुणाची आहे, आईचा शब्द मोडत नाही. रोज भाजी शिजली की आधी माझी वाटी बाजूला काढते, आणि मग बाकीच्यांच्या भाजीत मसाला घालते.