वहीतली रिमझिम

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. नोकरीतल्या आठवणी कुणी विचारल्या की मी महापुराच्या सांगतो. त्यांत मी बरा दिसतो.

कुरुंदवाडजवळच्या एका गावात मी महसुलाचा कारकून होतो. कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक माझ्याकडे असे. रोज सकाळी पाणी मोजायचं, वहीत लिहायचं, तालुक्याला कळवायचं. पूर्वी पाऊस चार-चार दिवस सावकाश पडे. अलीकडे महिनाभर दडी मारून एका दुपारी सगळं ओतून जायला लागला. पहिल्यांदा तसा आकडा कळवला, तेव्हा तालुक्याचे साहेब फोनवर म्हणाले, "पाऊस मोजलात की विहीर?"

पुढच्या वेळी मी शहाणा झालो. एका दुपारचा पाऊस तीन दिवसांत वाटून लिहिला. बेरीज बरोबर होती. त्या बाबतीत मी फार काटेकोर.

शेजारच्या आण्णांनी त्या वर्षी पुराला कंटाळून नदीकाठचा ऊस मोडून सोयाबीन केलं होतं. हवामान बदललंय, पीकही बदला, हे मीच त्यांना पटवलेलं. काढणीच्या तोंडावर त्या दुपारच्या पावसानं रान तुंबलं आणि उभ्या शेंगांना कोंब फुटले. भरपाई हवी तर एका दिवसात ठरावीक मापाच्या वर पाऊस पडलेला हवा. पाहणीला आलेल्या साहेबांनी माझी वही उघडली.

"अतिवृष्टी झालेलीच नाही. पीक गेलं कशानं?"

"पावसानं की, साहेब."

"इथं तर रिमझिम दिसतेय."

आण्णा माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तुम्ही माझ्याशेजारीच पत्र्याखाली हुबा हुता. सांगा की."

मी म्हणालो, "वहीत आहे ते आहे."

आण्णा साहेबांना म्हणाले, "भाऊसाहेब खोटं लिवणार न्हाईत. तुमचं पाऊस मोजायचं भांडंच गळकं असंल."

भांडं तपासलं. ते धड निघालं. भरपाई मिळाली नाही. मग खोटं कोण, हे गावानं ठरवलं आणि त्यांचं नाव पडलं रिमझिम आण्णा. पुढच्या हंगामात त्यांनी पुन्हा ऊस लावला. "त्याला बुडायची सवय हाय," म्हणाले.

निवृत्तीनंतर मी शहरात, मंगळवार पेठेत राहायला गेलो. तिथून एकदा मुद्दाम एसटीनं त्यांच्याकडे गेलो. वाक्य पाठ केलं होतं. आण्णांनी चहा पाजला.

"आता मशीन आलंय पाऊस मोजाय," ते म्हणाले. "सारखं बंद पडतंय. तुम्ही हुता तवा बरं हुतं बघा."

मी "व्हय" म्हणालो आणि बशी पालथी केली.

वाक्य अजून पाठ आहे: आण्णा, भांडं गळकं नव्हतं, मी होतो, मला माफ करा.