खिडकीपर्यंतच्या भिंती

चंद्रकला गजभिये नर्स म्हणून मोहगावपलीकडच्या खेड्यात आली, तेव्हा तिला पंचायतीच्या गोदामाचा अर्धा भाग मिळाला. एका बाजूला खताची पोती, दुसऱ्या बाजूला बाळंतिणीची खाट, मधे जुन्या साडीचा पडदा. चार वर्षांत तिनं तिथं शंभरावर बाळंतपणं केली.

१९८६ साली आरोग्य उपकेंद्राची इमारत मंजूर झाली. भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि पुढच्या वर्षी गवंडी काम सोडून निघून गेले. जिल्ह्याहून कागद आला, काटकसरीमुळे काम तूर्त थांबवलं आहे. ती सौसरच्या तहसील कचेरीत जाऊन ओळखीच्या तुळशीराम बाबूंना भेटली.

"बाई, अर्ज काहून लिहून राहिल्या?" ते म्हणाले. "वरूनच पैसा नाही. दुष्काळ हाये, अन् फौजेचा खर्च किती वाढला ते पेपरात आलं नं."

तिचा मोठा भाऊ सुखदेव फौजेतच होता, तोफखान्यात. त्याच्या पगारावरच ती नर्सिंग शिकली होती. दिवाळीत तो सुट्टीवर आला, तेव्हा तिनं त्याला त्या भिंती दाखवल्या.

"दादा, तुमच्या तोफेचा एक गोळा कितीचा असते?"

त्यानं अंदाजानं आकडा सांगितला. तिनं मनात हिशेब केला. चार गोळ्यांत छत झालं असतं.

"सरावाला किती उडवता?"

"एखाद्या सकाळी तीस-चाळीस."

"कशावर?"

"मोकळ्या टेकडीवर." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "मी नाही ठरवत, चंद्रकले. मले गोळा देते, मी भरतो."

"मले मालूम हाये, दादा."

त्या हिवाळ्यात मंगला नावाची बाई तिसऱ्या खेपेला अडली. मूल झालं, पण रक्त थांबेना. गोदामात सलाईन नव्हतं. नवऱ्यानं, भिवाजीनं, बैलगाडी जुंपली. चंद्रकला गाडीत मंगलाचं पोट दाबून बसली होती. मोहगाव यायच्या आधीच तिच्या हाताखालचं अंग गार पडलं.

भिवाजीनं गाडी थांबवली. मग म्हणाला, "बाई, तुमी तं आल्या सोबत."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मंगलाचं नाव घालून तिनं आणखी एक अर्ज पाठवला. उत्तर आलं नाही. मग तिनं अर्ज लिहिणं सोडलं आणि बदली मागितली. ती १९८९ साली मिळाली, पांढुर्ण्याला.

निघायच्या दिवशी दोन पोटुशा बायका बसच्या थांब्यावर आल्या. एकीनं विचारलं, "तुमच्या जागी कोन येऊन राहिली, बाई?"

"येईल कोणीतरी," चंद्रकला म्हणाली.

तिच्या पर्समध्ये बदलीचा हुकूम होता. त्यात खाली लिहिलं होतं, की पुढील आदेशापर्यंत ही जागा भरू नये.